जास्तीचा तुकडा

एक तुकडा जास्त झाला. कमी नाही, जास्त. रविवारी दुपारी, कुकरची तिसरी शिट्टी होत असताना, प्रेरणानं भोपळ्याच्या देठाचा तुकडा अंगठ्यानं दाबून बसवला, दोन्ही हात वर करून ओरडली, आणि मग टेबलावर, स्टीलच्या ताटाच्या आडोशाला, एक पडलेला दिसला. हजार तुकड्यांचं पझल, परदेशातला कुठला तरी भाजीबाजार, भोपळे, गाजरं, टोपल्या, एक मिशीवाला म्हातारा, वर जरासं आभाळ. सगळं भरलं होतं. मी चष्मा पुसून परत लावला. तळहात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठं भोक नाही, फट नाही. आणि हा एक वर. निळा, पण आभाळाचा निळा नाही. जड निळा, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून गेलेली पांढरी बारीक रेघ. मंगलनं पहिल्या दिवशीच तो आभाळाच्या ढिगात टाकला असणार, आणि आभाळ भरून झालं तरी तो ढिगात राहिला असणार, आणि आम्ही तिघंही भोपळ्याच्या नादाला लागलेलो.

"कंपनीनं चुकून टाकला असेल एक जास्त," प्रेरणा म्हणाली. "फ्री."

"कंपनी कुणाला काय फुकट देती का?" मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तुझ्या पप्पांचं तोंड बघ. आता जेवतात का बघ."

"जेवतो की," मी म्हणालो आणि जेवायला उठलो नाही.

मी जमिनी मोजतो. सतरा वर्षं झाली, भोर आणि वेल्हे तालुक्यांत, डोंगराच्या कपारीतल्या पाच गुंठ्यांपासून भाटघर धरणाच्या काठच्या एकरांपर्यंत. लोकांना वाटतं मोजणीवाला म्हणजे क्षेत्र कमी भरलं की भांडण मिटवणारा. कमी भरणं सोपं असतं. शेजाऱ्यानं बांध सरकवला, ओढ्यानं कड खाल्ली, रस्ता गेला. कमी भरलं की तक्रार करणारा समोर उभा असतो, छातीवर हात मारत. पण कधीकधी एखाद्याचं क्षेत्र जास्त भरतं. तो गप्प बसतो. मिशीतल्या मिशीत हसतो, चहा सांगतो. आणि मला तो चहा जात नाही, कारण याचं जास्त आहे म्हणजे आसपास कुठंतरी, कुणाचं तरी, तेवढंच कमी आहे, आणि तो माणूस इथं हजर नाही. त्याला नोटीस गेली नाही. त्याला माहीतसुद्धा नाही. तो तुकडा बोटांत धरून बसलो तेव्हा तेच आठवलं. चीड आली. कुणाची ते कळेना. प्रेरणा पुण्याला कॉलेजात शिकते, महिन्यातून दोनदा येते, येताना पझल आणते, म्हणते हाच आपला टाईमपास, मोबाईल बाजूला ठेवून दोन दिवस घरातली माणसं एका टेबलाशी बसतात. चांगली गोष्ट आहे. मग मला चीड कसली आली?

तुकडा मी उलटा केला. या भाजीबाजाराच्या तुकड्यांची पाठ पांढरी, गुळगुळीत. याची करडी, खरबरीत, आणि एका कडेला काहीतरी वाळून चिकटलेलं, पिवळट, पापुद्र्यासारखं. नखानं खरवडलं. नखाचा वास घेतला. कडवट. ओळखीचा कडवट. जिभेच्या मागच्या बाजूला तो वास जाऊन बसला आणि माझी मान आपोआप वळली, भिंतीकडे, सोफ्याच्या वर, जिथं ते तळं टांगलेलं आहे.

ते आमचं सगळ्यात मोठं पझल. दीड हजार तुकडे. परदेशातलं तळं, मागं बर्फाचे डोंगर, पाण्यात एक शिडाची होडी. सगळीकडे कोंडून बसायचे दिवस होते ते, दोन हजार वीस. प्रेरणा नववीत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेनबा, गावाकडून, उत्रोलीहून, आमच्याकडे भोरला राहायला आणलेले, वय शहात्तर, आणि शहात्तर वर्षांत कधी पंधरा दिवस एका छपराखाली बसलेला माणूस नव्हे. पहिले आठ दिवस त्यांनी गॅलरीतून रस्ता बघितला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नवव्या दिवशी ते टेबलाशी आले, म्हणाले, "काय त्ये पुठ्ठं चिवडत बसलाय?" आणि एक तुकडा उचलला. मला अजून दिसतंय. तुकडा उचलला आणि चित्राच्या खोक्याकडे बघितलंच नाही. आम्ही तिघं सारखं खोक्याकडे बघायचो, रंग जुळवायचो, कडेचे तुकडे वेगळे काढायचो. आप्पांनी तुकडा बोटांत फिरवला, अंगठ्यानं त्याची कड चाचपली, आणि हातात धरून टेबलाभोवती हिंडायला लागले. अर्धा तास. दुसरा तुकडा नाही घेतला. मंगल म्हणाली, मामंजी, तो ठेवा, दुसरा बघा. "कशापाई ठेवू? उचललाय न्हवं?" मग एका जागी थांबले, वाकले, आणि बसवला. बसला.

मला मात्र नवल वाटलं नाही, कारण हे मी लहानपणी बघितलं होतं. उत्रोलीला आमचं वरचं भातखाचर उताराला होतं, पावसाळ्यात त्याचा बांध फुटायचा, आणि उन्हाळ्यात आप्पा तो दगडांनी परत रचायचे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. मी दगड आणून द्यायचो. त्यांचा एक नियम होता, एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही. तो हातात घेऊन बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, जागा मिळेपर्यंत. मी म्हणायचो, आप्पा, जड आहे, ठेवा की. ते ठेवायचे नाहीत. घाम नाकाच्या शेंड्यावरून दगडावर पडायचा. मला तेव्हा तो मूर्खपणा वाटायचा. मी शिकून मोजणीवाला झालो ते कदाचित त्याच चिडीतून, की मी काही उचलणार नाही, लांबून बघीन, मशीन लावीन, कागदावर उतरवीन.

सूप आप्पांनीच आणलं. म्हणाले, ताटात तुकडे एकावर एक बसतात, निवडाय येत न्हाई, सूप पायजे. बंदी जरा सैल झाली तेव्हा पायी उत्रोलीला जाऊन आपलं जुनं सूप घेऊन आले. बांबूच्या पात्यांचं, कडेला वेताचा बंद, आणि आतून बाहेरून सारवलेलं. भिजवलेली मेथी वाटून त्यात वर्तमानपत्राचा लगदा, त्याचा लेप. हे काम बायका करतात, पण आई गेल्यावर आप्पाच करायचे. घरभर मेथीचा वास. सुपात तुकडे टाकायचे, दोन्ही हातांनी जरा हलवायचं, तुकडे एकावर एक न बसता पसरतात, सरळ कडेचे वर येतात. खरंच येतात. प्रेरणानं त्याचा व्हिडीओ काढला होता. "बघ, पाखडलं का कसं म्होरं येतंय," आप्पा तिला म्हणायचे, आणि तळ्याकडे बघून त्यांचं वेगळंच चालायचं. "ह्ये भाटघरचं पानी दिसतंय. पर हितं भात न्हाई व्हायचा. निस्ता उतार हाय. काय खात असतील ही मानसं?" प्रेरणा म्हणायची, आज्या, चॉकलेट खातात. "चाकलेट खाऊन बर्फात ऱ्हातेत? मग दात गेले आसतील समद्यांचे."

ते दिवस चांगले होते असं म्हणायला माझी जीभ अडखळते, बाहेर माणसं मरत होती. पण होते. आमच्या घरात तेव्हा एक खोड लागली होती, शेवटचा तुकडा बसवायचा मान आपल्याला मिळावा म्हणून प्रत्येकजण एखादा तुकडा दाबून ठेवायचा. मंगल पदराच्या गाठीत, प्रेरणा मोबाईलच्या कव्हरमध्ये, मी चष्म्याच्या डबीत. मग शेवटी तीन भोकं राहायची आणि तिघं चोर एकमेकांकडे बघून हसायचे. आप्पा कधी लपवायचे नाहीत. त्यांना ते पटायचंच नाही. "लपवून काय? ज्याच्या हाताला लागंल त्यानं लावावा," म्हणायचे.

पाऊस सरल्यावर तळं पूर्ण झालं त्या दिवशी एक भोक राहिलं. होडीच्या जवळ, पाण्यात. सगळ्यांनी दाबलेले तुकडे काढून लावले तरी एक राहिलंच. मी सकाळपासून पाहुण्यांच्या ग्रुपवर सांगून ठेवलं होतं, आज फोटो टाकतो, दीड हजार तुकडे. लोक विचारत होते, कुठं आहे फोटो. असल्या फालतू गोष्टीपायी माणूस काय करतो ते सांगतो, मुद्दाम सांगतो, झाकून ठेवायचा मला कंटाळा आला आहे. सोफा ओढला, फ्रीजखाली झाडूचा दांडा फिरवला, गादी उलटी केली. आप्पा अलीकडे विसरायला लागले होते, चष्मा, दातांची कवळी, एकदा गॅस. मी मंगलला म्हणालो, हळू नाही, मोठ्यानं म्हणालो, "आप्पांच्या खिशात असेल." आप्पा म्हणाले, "म्या न्हाई घेतला." मी म्हणालो, "खिसे दाखवा." पोरगी समोर उभी होती. सून समोर उभी होती. आप्पांनी बंडीचे खिसे उलटे केले, एकेक वस्तू टेबलावर, तळ्याच्या शेजारी ठेवली. तंबाखूची चंची. किल्ली. एसटीचा पास, चार घड्या घातलेला. दोन लिमलेटच्या गोळ्या, कागद चिकटलेल्या. पावट्याचे तीन दाणे. एवढंच. खिशाची आतली कापडं बाहेर लोंबत होती, मळकी, जनावराच्या कानासारखी. ते तसेच उभे राहिले आणि अगदी साधेपणानं विचारलं, "सूप बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हणालो.

मी सूप बघितलं नव्हतं. लांबून बघितलं होतं. रिकामं दिसत होतं.

"मग म्या खाल्ला आसंल," आप्पा म्हणाले. खिसे आत घातले, गोळ्या परत ठेवल्या, एक प्रेरणाला दिली. चौथ्या दिवशी, भात कापणीला आलाय म्हणून, गाठोडं घेऊन निघाले. मी म्हणालो, गाडीवर सोडतो. "पाय हायेत मला." तेव्हापासून ते माझ्या धाकट्या भावाकडे, पप्पूकडे, उत्रोलीला आहेत. दिवाळीला येतात, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, चहा पितात, जातात. टेबलाशी येत नाहीत. सूप न्यायला विसरले, की मुद्दाम ठेवलं, देव जाणे. आम्ही त्यात अजून तुकडे पाखडतो. भाजीबाजारसुद्धा त्यातच पाखडला.

प्रेरणा म्हणाली, "पप्पा, जेवण गार होतंय," आणि मी उठून कपाटावरचं सूप खाली काढलं. त्याचा लेप आता जागोजागी पोपडे धरून सुटलाय. मागच्या कोपऱ्यात, जिथं पाती वळून वर चढतात, तिथं लेपाचा एक पापुद्रा उचलून आलेला, आणि त्याच्या खाली एक खाच. अंगठ्याएवढी. मी तुकडा खाचेत सरकवला. आत गेला, अर्धा लपला. सूप उपडं केलं. पडला नाही. हलवलं. पडला नाही. टेबलाच्या कडेवर सूप आपटलं तेव्हा पडला. म्हणजे चार वर्षं तो इथं होता. आम्ही त्याला चार वर्षं पाखडत होतो, किल्ले, मांजरं, मोर, फुलपाखरं, सगळ्यांबरोबर, आणि तो मेथीला धरून बसला होता, आणि परवा कधीतरी लेप सुटला आणि तो बाजारात उतरला. मला हसू आलं.

मंगल दारात उभी होती, हातात भाताची पळी. तिनं सूप बघितलं, तुकडा बघितला, भिंतीवरचं तळं बघितलं. मोजायला तिला मशीन लागत नाही.

"पण तुम्ही सूप बघितलं होतं ना त्या दिवशी?"

मी सूप टेबलावर ठेवलं.

"मी शोधणारच होते हो सुपात. हातात पण घेतलं होतं. तुम्ही म्हणालात बघितलं, म्हणून ठेवलं. म्हटलं मोजणीवाला माणूस, बघितलं म्हणजे बघितलंच असेल." ती एवढंच म्हणाली आणि भात वाढायला गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सरकारी कागदावर मी वर्षानुवर्षं लिहितो, समक्ष पाहणी केली. लिहितो आणि सही करतो. आणि बहुतेक वेळा केलेली असते. बहुतेक वेळा.

आता यातली सगळ्यात घाण गोष्ट. तळ्यात भोक नाही. मी सोफ्यावर चढलो, तळं जवळून बघितलं, होडीपाशी. पाणी अखंड. कारण ते भोक मी बुजवलं. आप्पा गेल्यावर आठ दिवसांनी मी फाईलच्या पुठ्ठ्यातून तुकडा कापला, नेलकटरनं त्याची कड घासली, प्रेरणाच्या रंगपेटीतले तीन निळे मिसळून रंगवला, ती पांढरी रेघसुद्धा काढली, होडीच्या दोरीची, आणि सगळं चित्र प्लायवर डिंकानं चिकटवून फ्रेम केलं. काच नाही लावली, रंगात फरक पडलाय ते काचेत उलट जास्तच दिसेल असं वाटलं. दोन रात्री खपलो त्याच्यावर. कामाचा मला अभिमान वाटला, तेही सांगतो. येणारे जाणारे विचारतात, दीड हजार? एकपण हरवला नाही? मी म्हणतो, नाही. चार वर्षं म्हणतोय. इतक्यांदा म्हटलंय की माझा मलाच तो तुकडा आता सापडेना. नाक लावून बघितलं, टॉर्च मारली. दिसेना. मग डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, आप्पा फिरवायचे तसा, पाण्यावरून, हळूहळू. एका जागी गुळगुळीतपणा बदलला. तिथं पोस्टर कलरची खडू लागल्यासारखी कोरड होती. डोळे उघडले. होता. माझा. छान बसलेला, कुणाच्या बापाला कळणार नाही असा. आणि खरा माझ्या दुसऱ्या हातात, आणि त्याला जायला जागा नाही.

हे मला फार विचित्र वाटत राहिलं, चिडीपेक्षा जास्त विचित्र. जेवताना, हात धुताना, मी त्याचाच विचार करत होतो, एखाद्या गणितासारखा. तुकडा खरा आहे, जागा त्याची आहे, जागा मोकळी नाही. माझ्या धंद्यात हे रोज होतं. लोक म्हणतात, इतकी वर्षं वहिवाट आहे. मी म्हणतो, असेल, पण हद्द ही नाही. किती सहज म्हणतो. समोरच्या माणसाच्या घराची भिंत त्या हद्दीवर उभी असते आणि मी खूण ठोकून चहा पिऊन निघतो. मला कधी वाटलं नव्हतं की खूण ठोकणारा हात समोरच्याला कसा लागतो तेही एकदा बघावं. आणि आप्पांना काय वाटलं असेल? हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, स्वतःला पण नाही. ते रागावले असतील असं धरून चाललो होतो. की रागावले नव्हतेच, नुसती वाट बघत होते? कसली?

तळं भिंतीवरून काढलं. भिंतीवर चौकोनी गोरा डाग. प्रेरणा म्हणाली, मी येऊ? म्हणालो, नको. फ्रेम चादरीत गुंडाळून गाडीच्या पुढ्यात आडवी धरली आणि उत्रोलीच्या रस्त्याला लागलो. खाचरं कापून मोकळी पडलेली, धसकटं उन्हात वाळलेली, मधेच कुठं हरभरा. वाऱ्यानं फ्रेम शिडासारखी भरायची आणि गाडी ओढ्याच्या बाजूला जायची. दोनदा पडता पडता वाचलो. तुकडा शर्टच्या खिशात होता. दर दोन मिनिटांनी मी खिसा चाचपत होतो, आणि मग लक्षात आलं की मी दुसऱ्याला खिसे उलटे करायला लावणारा माणूस, आज मीच खिसा धरून चाललोय.

पप्पू दारात मोटार पंपाचा फुटबॉल, म्हणजे पाण्याखालचा व्हॉल्व्ह, खोलून बसला होता. "काय दादा, फोटू इकाय आनलास व्हय?" म्हणाला. "आमच्यात कोन घ्यायचं न्हाई. बर्फ बघून हुडहुडी भरंल." मी म्हणालो, आप्पा कुठं आहेत. त्यानं पान्यानं मागची बाजू दाखवली.

आप्पा परड्यात, पोत्यावर बसून वाल पाखडत होते. दुसरं सूप, नवं, अजून पिवळंधमक. मला बघून पाखडणं थांबवलं नाही. "आज रईवारचा कसा? सुट्टी न्हवं तुझी?"

"म्हणून आलो."

"बस."

मी बसलो. चादर सोडली. तळं उन्हात आलं. आप्पांनी एकदा बघितलं. "हां, भाटघर," म्हणाले आणि वाल वर उडवले, फोलपटं वाऱ्यावर गेली, दाणे परत सुपात. मी खिशातून तुकडा काढला आणि त्यांच्या सुपात, वालाच्या दाण्यांवर ठेवला. का तिथं ठेवला ते माहीत नाही. हातात द्यायचं धाडस झालं नाही असं आता वाटतं. आप्पांचे हात थांबले. त्यांनी तुकडा उचलला, कड चाचपली, नाकाशी नेला.

"म्येथी," म्हणाले.

"होय."

घरापुढं पप्पू नटबोल्टशी भांडत होता. आप्पांच्या बोटांत तो तुकडा फिरत होता, एकेक बाजू, गाठ, खाच, गाठ. मला वाटलं आता ते म्हणतील, झालं गेलं. म्हातारी माणसं म्हणतात तसं. मी त्याची वाट बघत होतो, निर्लज्जासारखा, म्हणजे मला सुटता आलं असतं. ते म्हणाले नाहीत.

"एकच इचारतो. त्या दिशी सूप बघितलं व्हतंस का न्हवतंस?"

तोंडात उत्तरं आली, बरीच आली, घाईत होतो, वरवर बघितलं होतं, खाच दिसण्यासारखी नव्हती, कुणालाच दिसली नसती. सगळी खरी होती. सगळ्यांवर मी सही करू शकलो असतो.

"नव्हतं बघितलं."

"हां," आप्पा म्हणाले. आणि त्यांच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं. मी मोजू शकत नाही अशी गोष्ट, पण उतरली, मी बघितलं. या वेळी खरंच बघितलं. "मला वाटाय लागलं व्हतं," ते सावकाश म्हणाले, "का म्याच कुटं टाकला. तू बघितलं म्हनलास. मंग ऱ्हातंय काय? म्याच. इसराय तर लागलोच हाय. किती डाव हितं समदी कापडं झाडली. लिमलेटचा कागद सुदिक उलगडून बघितला." ते हसले, पण मला बघवेना. चार वर्षं. मला वाटत होतं त्यांचा माझ्यावर राग आहे. राग कसला? माणूस आपल्याच डोक्यावर संशय घेत बसला होता, या पोत्यावर, माझ्या एका शब्दापायी.

मी तळ्यावर बोट ठेवलं. "इथं मी खोटा बसवलाय. पुठ्ठ्याचा. रंगवून."

"म्हाईत हाय. दिवाळीला तू चा आनाय ग्येलास तवा हात फिरीवला. कोरडा लागला." त्यांनी कमरेचा लहान चाकू काढून माझ्यापुढं धरला. "काढ."

डिंक पक्का बसला होता. मी चाकूचं टोक घातलं, तुकडा निघेना, आजूबाजूच्या पाण्याचे पापुद्रे उडाले, होडीच्या शिडाचा कोपरा गेला. आप्पा नुसते बघत होते, शिकाऊ पोराकडे बघावं तसं. शेवटी तो निघाला, अर्धा अर्धा होऊन. खाली प्लायचं लाकूड, पिवळं. मी फुंकर मारून भोक साफ केलं आणि हात पुढं केला, खऱ्या तुकड्यासाठी.

आप्पांनी तो दिला नाही. अंगठ्यानं एकदा पुसला. मग बंडीच्या खिशात घातला, चंचीच्या बाजूला, आणि वरून खिसा थोपटला.

"आता म्हन," ते म्हणाले, "म्याच घेतलाय."

"आप्पा..."

"बसवायचा कवा, त्ये म्या ठरवनार. हातात घेतलाय, खाली ठेवायचा न्हाई." त्यांनी सूप उचललं, वाल हलवले. मग जरा थांबून, अगदी सहज, "सध्या कसलं चाललंय तुमचं?"

"भाजीबाजार. आजच झाला."

"भोपळा हाय का त्यात?"

"बारा आहेत. वेगवेगळ्या जातीचे."

"बारा?" त्यांचा हात थांबला. "येवढे कशापाई पिकीवत्यात? खातंय कोन? मोडू नगा लगीच. बघाय पायजे."

संध्याकाळी मी तळं परत टांगलं. त्याच खिळ्याला, त्याच गोऱ्या डागावर. प्रेरणा बॅग भरत होती, पुण्याच्या एसटीसाठी कापूरहोळपर्यंत सोडायला मलाच जायचं होतं. ती मागं येऊन उभी राहिली. पाण्यातलं भोक, उडालेले पापुद्रे, शिडाचा तुटका कोपरा, सगळं बघितलं तिनं. मंगलही हात पुसत आली.

"पप्पा, एक कमी आहे," प्रेरणा म्हणाली.

"आप्पांच्या खिशात आहे," मी म्हणालो, मोठ्यानं, दोघींना ऐकू जाईल असं.